गाठ बांधून पाहिलेला शनी

अण्णा गेल्याचं मला जाळीतून कळलं. सकाळी दूध आणायला मी गच्चीवरच्या खोलीतून खाली उतरले, तर व्हरांड्याच्या लोखंडी जाळीला धरून कुमुदअक्का उभ्या होत्या. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, पदर नीट पुढं घेतलेला. "ह्यांना उठव गं," त्या म्हणाल्या, "केव्हाची हाका मारायलेय, पूजेला उशीर होतोय." मी नेहमीसारखं म्हटलं, "झोपू द्या की अक्का, आज कोर्टाला सुट्टी आहे." अण्णांनी कोर्ट सोडून बरीच वर्षं झाली होती, पण एरवी अक्कांना हे उत्तर पटायचं. त्या दिवशी पटलं नाही. त्यांनी जाळीतून हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "एवढा गार हात कसा गं ह्यांचा?" ...मी बाहेर, त्या आत, मध्ये कुलूप. आणि त्या कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. मी हाका मारल्या, फोन लावला. आतल्या खोलीत फोन वाजताना मला ऐकू येत होता. मग मी शेजारच्या बसण्णांकडे धावले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, ती जाळी त्यांनीच बसवलेली. त्यांनी कटर आणून कुलूप कापलं. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेतच गेले. आम्ही आत गेलो तेव्हा अक्का आमच्या मागून येत विचारत होत्या, "भटजी आले काय?"

या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात तसे अण्णा कुणी मोठे नव्हते. धारवाडच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणारे साधे वकील, निवृत्त झाल्यावर हुबळीच्या वाटेवर रायापूरला घर बांधून राहिलेले. आणि मीही लिहिणारी नाही. अळणावरजवळच्या खेड्यातून मी शिकायला आले. आई-अप्पा दुसऱ्यांच्या रानात कामाला जातात. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं कन्नडमधून, त्यामुळं हे लिहिताना हात सारखा अडखळतोय. पण अण्णांबद्दल लिहायचं तर त्यांच्याच भाषेत लिहावं असं वाटलं.

मी खोली बघायला आले तो दिवस आठवतो. बरोबर अप्पा होते, आणि त्यांना कुठं बसावं ते कळत नव्हतं. अण्णांनी आधी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग माझी उलटतपासणी घेतली. "नाव?" रेणुका. "विषय?" फिजिक्स. "फिजिक्स का?" मी गप्प. खरं तर यादीत तिथंच जागा उरली होती. "साक्षीदार गप्प आहे, म्हणजे खरं बोलणारी आहे," ते अप्पांकडे वळून म्हणाले, "ठेवा हिला इथं. काळजी करू नका." तेव्हापासून मी त्यांची 'रेणव्वा' झाले. खाली जाळीच्या आत ते दोघं, बाहेरून जाणाऱ्या जिन्यानं वर गच्चीवर माझी एक खोली. संध्याकाळी बसमधून उतरून मी फाटकाशी आले की आतून आवाज यायचा, "काय गं रेणव्वा, आज न्यूटननं काय नवीन पाडलं?"

जाळी का आहे हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं. अक्कांना विसरण्याचा आजार होता. नावं, वार, जेवण झालं की नाही, सगळं निसटत चाललेलं. एकदा भर दुपारी त्या घराबाहेर पडल्या आणि हुबळी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हुबळीच्या देशपांडे नगरमध्ये त्यांचं माहेर होतं, तिथं जायचं होतं त्यांना. आता तिथं त्यांचं कुणी नाही, घरही नाही. एका बसच्या कंडक्टरनं त्यांना परत आणून सोडलं. त्याच संध्याकाळी अण्णांनी बसण्णांना बोलावून व्हरांडा बंद करून घेतला. अक्कांना अण्णा नजरेआड झालेले चालत नसत. ते न्हाणीघरात गेले तरी त्या दाराशी उभ्या राहून बोलत राहायच्या. भाजी दारात, औषधं दारात, केस कापायला माणूसही दारात. बँकेतलं काम असलं तर मुलगी नंदक्का बेळगावहून यायची, तेही अण्णा घरात आहेत हे अक्कांना दाखवून. "जेलर आणि कैदी एकाच कोठडीत," अण्णा हसत सांगायचे. "फक्त जेलर कोण ते अजून शाबीत व्हायचंय." आणि हसता हसता त्यांचा हात शर्टाच्या आत जायचा, किल्ली जागेवर आहे का बघायला. ती सवय इतकी अंगात मुरली होती की बोलताना, जेवताना, पेपर वाचताना तो हात जायचाच.

दुर्बीण मला मागच्या उन्हाळ्यात दिसली. माळ्यावरून पंखा काढून दे म्हणाले म्हणून मी वर चढले, तर पंख्याच्या मागं पत्र्याचं एक लांब नळकांडं. गंजलेलं, एका टोकाला फडकं बांधलेलं. मला वाटलं पाण्याचा जुना पाइप. "पाइप नव्हे गं ते," अण्णा खालून म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मग म्हणाले, "उतरव. आता ओरडायला आई नाही."

वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे अशील येत नव्हते. बार रूममध्ये नुसतं बसण्याची लाज वाटायची, म्हणून घरी येऊन ते काच घासत. सहा इंच व्यासाची जाड गोल काच, खाली तशीच दुसरी काच, मध्ये पाणी आणि काच झिजवणारी कार्बोरंडमची खरखरीत पूड. एका पिंपावर हे ठेवायचं आणि घासत घासत पिंपाभोवती फिरायचं. काच हळूहळू मध्ये खोलगट होते, तिला वरून चकचकीत मुलामा दिला की दुर्बिणीचा आरसा होतो. हे त्यांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. "पहिला अशील आला तेव्हा माझे हात चिखलाचे," ते सांगायचे. "त्याला वाटलं वकील कुंभाराचा जोडधंदा करतो." धान्याचे डबे करणाऱ्या माणसाकडून पत्र्याची नळी करून घेतली आणि दुर्बीण तयार झाली. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. घरात पूजा-गोंधळ सगळं आटोपल्यावर एका संध्याकाळी त्यांनी नव्या बायकोला गच्चीवर नेलं आणि कड्यासकट शनी दाखवला.

खाली आल्यावर अक्कांनी सासूबाईंना ते आनंदानं सांगितलं. पुढं जे झालं ते अण्णा दोन आवाज काढून ऐकवायचे. "नव्या सुनेला शनी? अरे मेल्या, तुला दुसरा ग्रह मिळाला नाही?" "आई, तो दिसतो म्हणून दाखवला." "दिसतो म्हणून? दिसतो तर मिटायचे डोळे!" अक्कांना कितीतरी शनिवार मारुतीला तेल घालायला जावं लागलं, आणि दुर्बीण माळ्यावर गेली. आई असेपर्यंत ती खाली आली नाही, आणि आई गेल्यावर ती खाली काढायची असते हे त्यांना सुचलं नाही. कोर्ट, नंदक्काचं शिक्षण, लग्न, हे नवं घर, या माळ्यावरून त्या माळ्यावर... "मुदतीत दाद मागितली नाही," ते म्हणाले. पुढं त्यांनी जे म्हटलं ते मात्र वकिली आवाजात नव्हतं. "एकदा हिला घेऊन गच्चीवर जायचंय. एकदा परत दाखवायचाय. कुणी न ओरडता."

मी म्हटलं, "करू की अण्णा." किती सोपं वाटलं होतं मला ते.

आरसा काळपट पडला होता, त्यावर बुरशीसारखे ठिपके होते. आयपीस हे डोळा लावायचं भिंग, ते बसवायची जागा म्हणजे पुठ्ठ्याची नळी, ती गळून पडली. आणि उभं करायचं मूळचं स्टँड कधीच भंगारात गेलेलं. बसण्णा म्हणाले, "वकीलसाब, स्टँड मी करतो, बघाच." आणि त्यांनी जे करून आणलं ते जाळीच्या दरवाजासाठीच्या लोखंडाचं होतं. ते फाटकातून आत आणायला त्यांच्या दुकानातली सगळी माणसं लागली. "बसण्णा, ह्याच्यावर दुर्बीण ठेवायची का रणगाडा?" "तुमच्याकडं चीज मजबूत पाहिजे की नाही साहेब? जाळी हलली काय कधी?" "नाही बाबा, जाळी नाही हलली," अण्णा म्हणाले. ते स्टँड आजही अंगणात आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. मग मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं, वाचलं, आणि प्लायवूडचं खोकं करायचं ठरवलं. खाली एक फिरती फळी, वर दोन बाजूंना खाचा, त्यात नळी नुसती टेकवायची. बोटानं ढकललं तरी हलते, आणि सोडलं की थांबते. नळी घासून, गंज काढून आतून काळी रंगवायचं काम अण्णांचं. त्यांच्या हाताला वळण असं नव्हतंच. रंग नळीपेक्षा अण्णांना जास्त लागला. अक्का समोर बसून म्हणायच्या, "होळी आहे काय आज?"

त्याच दिवसांत आम्ही एकदा प्रयत्न करून बघितला. अक्का दुपारच्या झोपेत असताना अण्णा गच्चीवर जाऊन येतील, मी अक्कांजवळ बसेन. नुसतं जिना चढून बघायचं होतं, किती जमतं ते. अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि ते बाहेर गेले. अक्का कशा जाग्या झाल्या कोण जाणे. त्या घरभर फिरल्या, मग जाळीशी आल्या, आणि जो आवाज त्यांच्या तोंडून आला तो मला अजून ऐकू येतो. मला त्यांनी ओळखलंच नाही. मी किल्ली लपवणारी कुणी परकी बाई होते. त्यांनी मला ढकललं, जाळीवर कपाळ आपटून घेतलं. अण्णा अर्ध्या जिन्यावरून तसेच परत आले. अक्कांच्या कपाळाला ते हळद लावत होते तेव्हा मी म्हटलं, "परत करून बघू अण्णा, सवय होईल त्यांना." ते म्हणाले, "नाही. अपील नाही यावर." किल्ली परत जानव्याला बांधली गेली.

दसऱ्याच्या आधी देव घासायला काढले. अक्कांना काय आठवेल आणि काय नाही याचा नेम नव्हता, पण देवाची भांडी चिंचेनं आणि राखेनं घासणं त्यांच्या हातांना पाठ होतं. अण्णा पेपर वाचत होते. मी कॉलेजातून आले तर अक्का न्हाणीघराबाहेर पाटावर बसलेल्या, समोर समया, ताम्हण, पळी-पंचपात्र लखलखतंय, आणि मांडीवर आरसा. दुर्बिणीचा आरसा. त्यावर चिंच आणि राख, आणि त्या सगळी ताकद लावून घासतायत. "किती काळं करून ठेवलंय हे ताट," त्या मला म्हणाल्या, "निघता निघत नाही बघ." मी जवळ गेले. वरचा मुलामा सगळा निघाला होता. आरशाची नुसती आरपार काच उरली होती, त्यातून अक्कांच्या लुगड्याची नक्षी दिसत होती. अण्णा आले, वाकून बघितलं. मला वाटलं आता ते रडतील. ते हसायला लागले... इतके की भिंतीला टेकावं लागलं. "अगं, नवा मुलामा द्यायच्या आधी जुना काढावाच लागतो ना? तू अ‍ॅसिड शोधत हिंडत होतीस. आमच्या घरातच होतं." राखेनं काचेवर बारीक ओरखडे पडले होते. अण्णांनी ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "राहू देत. तेवढ्यानं शनीला काही होत नाही." हे खरंही आहे, मी नंतर वाचलं. ओरखड्यांनी चित्र जरासं फिकं होतं, बिघडत नाही.

मुलामा देऊन आणायला मी एकटी बेंगळुरूला गेले. मी एवढ्या लांब एकटी कधीच गेले नव्हते. आरसा कापडात, कापड डब्यात, डबा मांडीवर, आणि अण्णांचा दर स्टेशनला फोन. "कुठंवर आलं आरोपपत्र?" परत आल्यावर आम्ही सगळं जोडलं, आयपीस पुढंमागं करायचा नवा फोकसर बसवला, आणि पहिल्या संध्याकाळी मी चंद्राकडे नळी वळवली तर नुसता धुरकट उजेड. काही केल्या चंद्र स्पष्ट होईना. नवा फोकसर जुन्या पुठ्ठ्याच्या नळीपेक्षा उंच होता, त्यामुळं प्रतिमा त्याच्या आतच राहत होती, बाहेर डोळ्यापर्यंत पोचतच नव्हती. अण्णांना मी हे जाळीतून समजावलं. त्यांनी विचार केला, मग म्हणाले, "प्रतिमा आहे, पण आतच अडकलीय, असंच ना?" हो म्हटलं. "समजलं," ते म्हणाले, "अगदी चांगलं समजलं." मग बसण्णांनी लांब बोल्ट दिले, आम्ही आरशाखाली लाकडी ठोकळे घालून तो नळीत वर सरकवला, आणि चंद्र आला. मी वर एकटी होते. मी ओरडले, "अण्णा, आला!" खालून ते ओरडले, "कसाय?"

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत कठीण गेले. दुर्बीण तयार होती, पण गच्चीवर. खाली अंगणात आणली तर बसण्णांच्या नव्या तीन मजली घरामागं शनी लपायचा, आणि अक्का फाटकाकडे धावायच्या. व्हरांड्यातून बघावं तर जाळी. रोज संध्याकाळी मी वर, अण्णा खाली, मध्ये फोन. "आता काय दिसतंय?" "शनी, अण्णा." "कडं?" "रेघ आहे नुसती." ताट डोळ्यासमोर आडवं धरलं की त्याची फक्त कड दिसते, तसं या वर्षी पृथ्वीवरून शनीचं कडं दिसत होतं. त्यांना ते माहीत होतं. "कड तर कड," ते म्हणायचे. "सांग अजून." मला सांगता यायचं नाही. ज्याची वस्तू त्याला जाळीत ठेवून आपण डोळा लावून बसलोय, असं वाटायचं. एकदा मी म्हटलं, उद्यापासून मी नाही बघणार, तुम्ही बघितल्यावरच बघेन. ते चिडले. "या घरात दोन कैदी पुरेत रेणव्वा. तिसरा भरती करायचा नाहीय मला." आणि त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की उन्हाळ्यात बेंगळुरूला प्रोजेक्ट मिळाला तर मी या दोघांचं निमित्त न सांगता जाईन.

तुळशीच्या लग्नाला नंदक्का आली होती. भटजींनी दोघांना पाटावर बसवलं, अण्णांचं उपरणं आणि अक्कांचा पदर यांची गाठ मारली. आणि अक्का बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत. पाठ ताठ, मान किंचित खाली, पळीला हात लावायचा तेव्हा अण्णांच्या हाताला हात. सगळं बरोबर, सगळं शांत. एरवी क्षणभर एका जागी न ठरणारी बाई पूजा संपेपर्यंत हलली नाही. भटजींनी गाठ सोडायला हात पुढं केला, तर अण्णा म्हणाले, "राहू द्या." सगळे निघून गेले तरी ते दोघं तसेच बसून होते. अण्णा उठले, त्याही उठल्या. ते माजघरात गेले, त्याही गेल्या, मागं, गाठ ताणली जाणार नाही एवढ्या अंतरावर. अण्णा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. "रेणव्वा," ते हळू म्हणाले, "उद्या संध्याकाळी वर दोन खुर्च्या मांड. आणि एक पळी-भांडं घे. हिनं विचारलंच तर पूजा आहे म्हणू."

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर अण्णांनी सोवळं नेसलं, अक्कांना नंदक्कानं जरीचं लुगडं नेसवलं, गाठ मारली. जाळीचं कुलूप अण्णांनी स्वतः काढलं. जिन्याच्या तोंडाशी अक्का थांबल्या, फाटकाकडे पाहिलं. रस्त्यावरून हुबळीची बस गेली. अण्णा फक्त एक पायरी चढले. गाठ जराशी ताणली, आणि अक्का चढल्या. असेच ते वर आले, एकेक पायरी. शेजारच्या गच्चीवरून बसण्णा म्हणाले, "काय वकीलसाब, परत लग्न करायलात?" "नाही, जुन्याचीच अंमलबजावणी," अण्णा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मान वर करून अख्खं आकाश पाहिलं. पाहतच राहिले. मी शनी लावून ठेवला होता. त्यांनी आधी अक्कांना पुढं केलं. अक्कांनी डोळा लावला, बराच वेळ. आम्ही तिघंही वाट बघत होतो, काय म्हणतील. त्यांनी मान काढली आणि विचारलं, "आरती कधी?"

अण्णांनी मग स्वतः बघितलं. किती तरी वेळ. मी विचारलं, "दिसलं?" "दिसलं," ते म्हणाले. "कडं बंद आहे." पुन्हा डोळा लावला. "उघडेल. थोडं थोडं करून उघडतं ते." आणि मग अक्कांचा हात धरून म्हणाले, "चल, आरती करू." निरांजन नव्हतं. मी मोबाइलचा टॉर्च लावला, तो ताम्हणात ठेवला, आणि दोघांनी मिळून त्या पत्र्याच्या नळीला ओवाळलं. नंदक्का हसता हसता तोंडाला पदर लावून वळली, आणि बराच वेळ वळलेलीच राहिली. अण्णांना जे हवं होतं ते मिळालं की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. अक्कांना काही आठवलं नाही. कडं उघडलेलं दिसलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यांचा हात किल्लीकडे गेला नाही.

पुढं जमेल तेव्हा ही पूजा व्हायची. मार्गशीर्षभर झाली. ढग आले की अण्णा म्हणायचे, "आज स्टे आहे." आकाश मोकळं असलं की मला हाक यायची, आणि मी खुर्च्या मांडायला धावायचे. पण खाली उतरल्यावर कुलूप परत लागायचंच. गाठ सुटली की अक्का पुन्हा दारं तपासत फिरायच्या, आणि अण्णा पुन्हा त्यांच्या मागं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल सगळं बदललं. बदललं होतं ते एवढंच, दिवसातला थोडा वेळ. पौषात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर नंदक्का अक्कांना बेळगावला घेऊन गेली. घर विकायचं ठरलंय, मीही खोलीची मुदत संपेपर्यंतच आहे. दुर्बीण नंदक्कानं मला दिली. मागच्या आठवड्यात ती सामान न्यायला आली तेव्हा अक्कांनाही आणावं लागलं, कारण त्या आता नंदक्काला सोडत नाहीत. दिवसभर त्या या खोलीतून त्या खोलीत जात होत्या, पदराचं टोक हातात धरून, काहीतरी बांधायचं राहिल्यासारख्या. दिवेलागणीला त्या आपणहून बाहेर आल्या आणि जिना चढल्या. नंदक्का मागून धावली. मी वरच होते, दुर्बीण बांधायच्या आधी एकदा लावली होती. शनी आता पश्चिमेला उतरलाय, त्यामुळं आयपीस खाली येतो, खुर्चीची गरज पडत नाही. मी दोन पाट मांडले. का मांडले माहीत नाही, हात तसे गेले. अक्का उजवीकडच्या पाटावर बसल्या, पाठ ताठ. नंदक्का डावीकडे बसायला गेली तर म्हणाल्या, "तिथं नको. हे आत्ता येतील." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रेणव्वा, कुंद्रु." बस म्हणाल्या, पाटासमोर जमिनीवर. "हे येईपर्यंत तू बघत राहा. नाहीतर निघून जाईल ते."

मी बसले, डोळा लावला. शनी होता. रेघ थोडी जाड झाली होती. अगदी थोडी, पण मी ती रोज पाहिलीय, मला कळतं. शनी हळूहळू कडेला सरकायचा, मी बोटानं नळी ढकलून परत मध्ये आणायचे. नंदक्का दोनदा म्हणाली, गाडी थांबलीय. मी उठू शकले नाही. उठले असते तर अक्कांनी विचारलं असतं, आले काय, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. शनी बसण्णांच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्यामागं गेला. आयपीसमध्ये नुसता काळोख उरला. मी बघत राहिले.